हसण्यावारी नेलेली वाळू

सगुणा गेल्या माघात वारली. पत्र मिळालं तसा मी मुंबईहून बोटीने निघालो आणि बाराव्याला गावी पोचलो. पंगत बसली होती. पहिला भात वाढून होतो न होतो तोच कुणीतरी म्हणालं, "तांडेलीण गेली. आता वाळूवर नजर कोण ठेवणार?" आणि मांडवातली माणसं हसली. फार मोठ्याने नाही, बाराव्याला शोभेल इतकंच हसली. भरल्या पानावरून उठू नये म्हणतात. मी उठलो.

तांडेल म्हणजे पडावाचा, उतारू नेणाऱ्या मोठ्या होडीचा मुख्य, सुकाणू धरणारा. सगुणाने जन्मात कधी सुकाणूला हात लावला नव्हता. तांडेलीण हे नाव तिला चिडवायला दिलेलं होतं, आणि ते देणारा मी होतो. म्हणून हे लिहायला बसलो आहे. वाचणाऱ्याने माझी कीव करू नये, मला ती नको आहे.

आमचं गाव जयगडापासून दोन कोसांवर, एका लहान खाडीच्या तोंडाशी. गावाला धक्का नाही. मुंबईची बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहते आणि उतारूंना पडावातून तिथवर न्यावं लागतं. खाडीच्या तोंडावर वाळूचा आडवा पट्टा आहे. त्या पट्ट्यात एक खोल फट होती, तिला आम्ही मधली वाट म्हणत असू. पडाव तिथूनच ये-जा करायचा. उजव्या हाताला पांढरा धोंडा दिसला की सुकाणू सरळ धरायचं, एवढं एकच शास्त्र. रावजी तांडेलाच्या बापाने ते त्याला शिकवलं होतं आणि तीस वर्षं त्याने त्यात काडीचा बदल केला नव्हता.

सगुणा तिसऱ्या काढायची. तिसऱ्या म्हणजे वाळूतल्या शिंपल्या. त्यांचं कालवण आमच्याकडे आवडीने खातात. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, लुगडं गुडघ्यावर खोचून ती पट्ट्यावर जायची आणि टाचेने वाळू चाचपत हिंडायची. टाचेला टणक लागलं की वाकून दोन बोटांनी उकरायची. पाटी भरली की दारोदार वाटे घालून विकायची. बारा वर्षांची असताना ती या गावात सून म्हणून आली, तेव्हापासून तेच. खाडीचं तोंड आम्ही पुरुषांनी पडावात बसून पाहिलेलं. तिने ते पायाने पाहिलेलं. तिचा नवरा भिकाजी रावजीच्या पडावावर खलाशी होता. पुढच्या टोकाला लांब बांबू घेऊन तो उभा राहायचा. एक मुलगी होती, ती लग्न होऊन मिरजोळ्याला गेलेली.

मी तेव्हा मुंबईत एका छापखान्यात खिळे जुळवायचं काम करत होतो. चार अक्षरं रोज हाताखालून जात, त्यामुळे मला वाटायचं की अक्षरांवर आपली मालकी आहे. शिमग्याला गावी आलो की पालखीपुढच्या खेळ्यांची गाणी मी रचायचो. शिमग्यात आमच्याकडे कुणाचंही सोंग काढायला मुभा असते. पुरुषच लुगडं नेसून गोमू होतो, काळा झगा घालून संकासुर होतो, आणि वर्षभरात ज्याची फजिती करायची राहून गेली त्याची तिथे होते. ज्याचं सोंग निघालं त्याने राग धरायचा नाही, असा रिवाज. रिवाज चांगला आहे. पण त्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. एकदा एखाद्या गोष्टीचं सोंग निघालं की ती गोष्ट गावात पुन्हा खरी म्हणून बोलता येत नाही. बोलणाऱ्याने तोंड उघडलं की लोक गाणंच म्हणायला लागतात.

एकतीस सालचा शिमगा. होळीच्या दिवशी सकाळी आम्ही आठदहा जण रावजीच्या ओटीवर बसलो होतो. पहाटेची सुकती आटपून सगुणा तशीच ओल्या लुगड्याने आली आणि तिने पाटी रावजीपुढे ठेवली.

"रावजीदादा, ह्या बगा. ह्या मधल्या वाटंत गावल्या."

"बऱ्या हायत की. मग?"

"मग काय? खोल धारेत तिसऱ्या ऱ्हातात व्हय? पांढऱ्या धोंड्याकडनं वाळू चालत आलीय. मधली वाट भरलीय. मी कार्तिकात पण तुमाला सांगितलं व्हतं. धा माणसांचा पडाव कसाबसा सुटतो, म्हणून तुमाला कळत नाय. परवा मुंबैची माणसं जायाची, पडाव गच्च भरणार, आनि बोट यायची येळ नेमकी सुकतीची. तो नाय सुटायचा. उत्तरेच्या अंगानं न्या. थोडा वळसा पडंल, पन तितं पानी हाय."

आता यात न कळण्यासारखं काय होतं? बाईने जागा सांगितली, वेळ सांगितली, कारण सांगितलं, दुसरा रस्ताही सांगितला. पुरावा पाटीत घालून आणला होता आणि तो जिवंत होता, तोंडं उघडून पाणी उडवत होता. रावजीने एवढंच म्हणायचं होतं की चल, बघू. खाडीचं तोंड ओटीवरून अर्ध्या तासाच्या वाटेवर. पण त्याला कार्तिकात सांगितलेलं आठवत होतं, आणि एवढ्या माणसांसमोर एका शिंपलेवालीने ते काढलं म्हणून तो आतून तडकला होता. त्याने मान तिरकी केली.

"वाळू चालत आली? पायात वहाणा व्हत्या का गो तिच्या?"

ओटी हसली. मी सगळ्यांत आधी हसलो. मग मी म्हणालो, "दादा, आता तुम्ही पाटी घ्या आणि सुकाणू हिच्याकडे द्या. तांडेलीण शोभेल!" त्यावर तर माणसं लोळली.

सगुणा हसली नाही, रडलीही नाही. ती म्हणाली, "उद्या सुकतीला कोन पन माज्याबरोबर चला. मी मधल्या वाटंत उभी ऱ्हाते. पानी कमरंवर आलं तर माजी पाटी होळीत टाका."

"होळी आजच हाय," रावजी म्हणाला, "उद्या कशाला?" पुन्हा हशा. मग त्याने पाटी उचलली आणि आत हाक मारली, "कालवन करा गो हेचं, फुकटच्या आल्यात." दुपारी आम्ही त्या तिसऱ्या भाताबरोबर खाल्ल्या. तिने आणलेला पुरावा आम्ही ओलं खोबरं घालून शिजवून खाल्ला. मी दोनदा वाढून घेतला.

या गोष्टीचा मी सात वर्षं विचार केला आहे. त्या सकाळी ओटीवर एक प्रश्न होता: वाळू सरकली का नाही? त्याला उत्तरं दोनच, सरकली किंवा नाही सरकली. आम्ही दोन्हीपैकी एकही दिलं नाही. आम्ही उत्तर दिलं की सगुणा हास्यास्पद आहे. आणि हशा इतका झाला की आम्हाला वाटलं, प्रश्न मिटला. रावजी "वाळू सरकलेली नाही" असं एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर कुणीतरी विचारलं असतं, कशावरून? हसणाऱ्याला तेवढं बरं असतं. त्याला कशावरून असं कुणी विचारत नाही.

त्याच दुपारी मी गाणं रचलं. पोटात तिच्या तिसऱ्या होत्या. धुळवडीला पालखीपुढे ते म्हटलं गेलं. गोमू झालेल्याने डोक्यावर पाटी घेतली, काखेत वल्हं धरलं आणि रस्त्यावर वहाणांची जोडी पुढे पुढे सरकवत नाचला. पालखी ज्या ज्या दारात गेली तिथे तिथे लोकांनी तेच गाणं मागितलं. सगुणाच्या दारातही म्हटलं. ती उंबऱ्यात ओटीचं तांदूळ-खोबरं घेऊन उभी होती. पालखीची ओटी तिने भरली आणि आत गेली.

संध्याकाळी भिकाजीने मला माडाच्या बागेपाशी गाठलं. तो मितभाषी माणूस, लोकांत हसणारा.

"हरी, मी सकाळी जाऊन आलो. ती म्हणते तसंच हाय. गुडघ्यावर चार बोटं पानी. मी बांबूपन टाकून बगितला."

"मग? वहाणा घालून गेला होतास ना?" मी म्हणालो.

तो हसला. माझ्या गाण्याचं कौतुक चाललं होतं, चार माणसं भोवती होती, आणि त्या माणसांत त्याला हसावं लागलं. तो खरं सांगायला आला होता आणि त्याच्याच तोंडून मी हसू काढून घेतलं. त्याने मला एक कानफटात द्यायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी परतीची बोट. पुळणीवर ही गर्दी. ट्रंका, आमसुलांच्या पुड्या, कडेवर पोरं, नऊवारी लुगड्यातल्या बायका. पडावात साठ माणसं चढली, मीही त्यांत. सुकती पुरती उतरली होती. भिकाजी रावजीपाशी गेला आणि हळू आवाजात काही बोलला. रावजीने मात्र उत्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं दिलं.

"बायकोला विचारून ये जा, मग चढ!"

पडावभर हशा झाला. भिकाजीचा चेहरा लाल झाला. तो खाली उतरू शकत होता. त्याला पक्कं ठाऊक होतं, आदल्याच दिवशी त्याने स्वतः पाणी मापलं होतं. पण बायल्या म्हणवून घेऊन त्या पुळणीवर उभं राहणं त्याला जमलं नाही, आणि तो बांबू घेऊन पुढच्या टोकाला चढला.

खाडीच्या तोंडाशी आलो तेव्हा ती दिसली. मधल्या वाटेच्या बरोबर मध्ये सगुणा उभी होती. दोन्ही हात वर केलेले, आणि पाणी गुडघ्यावर. जिथे आमच्या समजुतीने दोन पुरुष पाणी, तिथे ती उभी होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात! आम्हाला आरसाही पुरला नसता. कुणीतरी ओरडलं, "तांडेलीण निरोप द्यायला आली!" रावजी म्हणाला, "एकाद्या धोंड्यावर चढलीय. नखरे बगा." आणि मागच्या फळीवरून कुणीतरी गाणं उचललं. सगळ्यांनी धरलं. मीही म्हणत होतो, माझंच गाणं.

भिकाजी पुढून ओरडला, "ठाव लागला! फिरवा! ठाव लागला!" बांबू तळाला टेकला होता. तो सोंग करतोय असं वाटून माणसं आणखी हसली, आणि त्या हसण्यातच पडाव थाडकन वाळूत रुतला.

पुढचं थोडक्यात सांगतो. पडाव आडवा झाला, पट्ट्यावर फुटणारी एक लाट त्याच्या कुशीत बसली, दुसऱ्या लाटेने तो पालथा केला. पाणी तिथे गुडघाभरच होतं, पण दहा पावलांवर खोल धार होती आणि सुकतीचा ओढा सगळं तिकडे खेचत होता. लुगड्यांत पाय अडकले. सगुणा त्या लाटांत पाय रोवून उभी राहिली आणि हाताला लागेल त्याला ओढून वाळूवर टाकत गेली. मी तिच्या हाताला लागलो. भिकाजी लागला नाही. एकंदर नऊ माणसं गेली, त्यांत तीन बायका आणि एक तान्हं मूल.

आता इथवर वाचून कुणाला वाटेल, गावाचे डोळे उघडले असतील. माणसं एवढी सरळ असती तर काय हवं होतं! सुतक फिटायच्या आत रावजीने सांगायला सुरुवात केली की ती बाई वाटेत मध्येच उभी राहिली, तिला वाचवायला आपण सुकाणू फिरवलं, म्हणून पडाव रुतला. तीन दिवसांत सगळं गाव तेच म्हणायला लागलं. कारण ते सोपं होतं. नाहीतर वाचलेल्या सगळ्यांना आपण हसलो हे कबूल करावं लागलं असतं. नवरा खाल्लान, वर आठ जणांना खाल्लान, असं बायका पाणवठ्यावर तिच्यासमोर बोलू लागल्या. तिच्या तिसऱ्या कुणी घेईना. मिरजोळ्याच्या व्याह्यांनी निरोप पाठवला की मुलीला इतक्यात माहेरी धाडणार नाही.

महिन्याभराने रत्नागिरीला कचेरीत चौकशी झाली. साक्षीला आम्ही बाराजण गेलो. अंमलदार शांत माणूस होता, प्रत्येकाला नीट बसवून विचारत होता. रावजीने आपलं म्हणणं सांगितलं. अंमलदाराने विचारलं, "वाट बुजली आहे असं याआधी तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"नाय साहेब. कोनी नाय."

पाच जणांनी तेच सांगितलं. मग सगुणाला उभं केलं.

"मी सांगितलं व्हतं. कार्तिकात एकदा आनि होळीला एकदा. सगळ्यांसमोर."

"याला आधार काय? हे सगळे तर नाही म्हणतात."

"त्यांनी गानं केलंन त्येचं. गान्यात सगळं हाय. हरिश्चंद्राला इचारा."

अंमलदार माझ्याकडे वळला. त्या खोलीत रावजी होता. ज्यांची माणसं गेली ती माणसं होती. दोन दिवस ज्या गाण्यावर मी पाठ थोपटून घेतली होती ते आता तोंडातून काढायचं म्हणजे नऊ मढ्यांवर माझी सही करायची. मला वाचवणारा हात माझ्यापासून चार हातांवर होता, आणि मी म्हणालो, "मला आठवत नाही, साहेब."

मला आठवत होतं. आजही आठवतं. काना-मात्रेसकट आठवतं.

 सगुणाने पदर खांद्यावरून घट्ट घेतला. आमच्याकडे बायका शिमग्याची गाणी तोंडाने म्हणत नाहीत, ऐकली तरी न ऐकल्यासारखं करतात. तिने ते कचेरीत, भर पुरुषांत, म्हणायला सुरुवात केली. चालीवर नाही, पोथी वाचावी तशा सपाट आवाजात.

"वाळू चालली, वाळू चालली, वहाणा शिवा तिला गो,
पांढऱ्या धोंड्याकडनं उठून मधल्या वाटेत मुक्काम केला गो.
सुकतीला म्हणे गुडघाभर पाणी, पडाव अडेल तिथं गो,
उत्तर अंगानं फिरवून न्यावा, खोल पाणी जिथं गो.
तिसऱ्या वेचून शहाणी झाली, सुकाणू द्या हिच्या हाती गो,
रावजी तांडेल जाईल वेचायला, पाटी घेऊन माथी गो."

तिच्या दारात आम्ही ते फक्त एकदा म्हटलं होतं.

"हे कधी म्हटलं गेलं?" अंमलदाराने विचारलं.

"धुळवडीला. पडाव बुडायच्या आदल्या दिशी. पालखीबरोबर सगळे व्हते, साहेब. ह्ये सगळे व्हते."

अंमलदाराने एकेकाला पुन्हा उभं केलं आणि एकच विचारलं: हे गाणं तुम्ही ऐकलं होतं की नाही? पालखीपुढे म्हटलेलं नाकारायची कुणाची छाती नव्हती. पालखीतल्या देवाचं भय होतं, बुडालेल्या बायकापोरांचं नव्हतं. सगळे होय म्हणाले.  पुढे रावजीचा परवाना गेला आणि निकालपत्रात त्या बाईचा काही दोष नाही असं स्पष्ट लिहून आलं. बैल गेल्यावर झोपा करतात तसं उत्तरेच्या अंगाला खुणेचं पिंपही बांधलं गेलं. मिरजोळ्याची मुलगी गौरीला माहेरी आली. सगुणा त्याच पट्ट्यावर पुढची सात वर्षं तिसऱ्या काढत राहिली.

पण त्या दिवशी कचेरीत आणखी एक गोष्ट झाली. कारकून गाणं उतरवून घेत होता. शेवटची ओळ लिहून झाल्यावर त्याने टाक दौतीत बुडवला आणि नेमाप्रमाणे विचारलं, "बाई, रचना कोणाची?"

मी खाली बघत होतो.  तिने एक बोट जरी माझ्याकडे केलं असतं तरी पुरलं असतं, आणि तिचा तो हक्क होता.

"गावाची," ती म्हणाली.

कारकुनाने तसंच लिहून घेतलं. ते दप्तरात अजून तसंच असेल. ते खोटं आहे. रचना माझी होती.